राजू

तीन महिने, बिनपगारी.
अर्जात कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहिलं,
ऑडिटच्या फायली शेजारच्या टेबलावर सरकवल्या
आणि आचऱ्याला आले, खाडीकाठी,
रुजाय फर्नांडिसच्या पडवीलगतच्या खोलीत.

पहिल्याच सकाळी ती मागल्या दारी ओरडली,
‘राजू तुटलो गो! राजू पडलो बावीत!’
मी अनवाणी धावले,
काठावर ओणवून हाका मारल्या: राजू! राजू!
रुजायला हसता हसता ठसका लागला.
इथे कळशीच्या दोराला राजू म्हणतात.

जलरंगांची पेटी आणली होती, चोवीस वड्यांची.
आठ दिवस समुद्र रंगवला.
एकदा त्याचं सांबार झालं, एकदा शाळेची भिंत.
एकदा जमला असं वाटलं,
तर ओल्या कागदावरून कोंबडा चालत गेला
आणि खरं सांगायचं तर चित्र सुधारलं.

मग पाग.
भिवा तारी, वय एकाहत्तर, शिकवायला तयार झाला.
‘लोका हसतली. हसांदेत.’
दोरी मनगटाला, अर्धा घोळ कोपरावर,
शिशाची कड दातांत,
कमरेतून गिरकी, आणि सोडायचं.
शिशाला चव असते: मिठाची, आणि चावलेल्या पेन्सिलीची.
मी हात सोडले, दात सोडायला विसरले.
माझा अर्धा सुळा आचऱ्याच्या खाडीत आहे.
‘आता खाडी तुका वळाखता,’ भिवा म्हणाला
आणि जाळं पुन्हा माझ्या कोपरावर चढवलं.
महिनाभर ते पडत राहिलं
पिळलेल्या टॉवेलसारखं.

डिसेंबरात पंचायतीच्या फळ्यावर खडूची अक्षरं:
रविवारी व्हाळावर बंधारा. घमेलं आपलं आणावं.
रुजायने आपलं दिलं, कानाकडे फुटकं.

खताच्या रिकाम्या गोण्या, माती, सुतळी.
माझ्या हाती दाभण आलं.
वर शाळेची पोरं, खाली पाण्यात गुडघाभर
भजनातला पखवाजवाला, आणि बोटीवरून सुट्टीवर आलेला
एक खलाशी, ज्याला कुणीही काम सांगत होतं.
मी सवयीने मोजत होते, एकशे बारापर्यंत,
मग कुणीतरी पेज पुढे केली, वर लोणच्याची फोड,
आणि आकडा व्हाळातून वाहून गेला.

‘सिमेंटचा का नाही बांधत?’ न राहवून विचारलं.
‘जूनात पाण्याक जावक वाट नको?’
‘मग पुढच्या वर्षी?’
सुमती परबीण गोणीचं तोंड आवळत म्हणाली,
‘पुढच्या वर्षाक रविवार नाय येवचे?’

संध्याकाळी बंधारा गळत होता, तीन ठिकाणी.
विजेरी घेऊन पुन्हा उतरलो,
पेंढा, चिखल, हाताला लागेल तो पाला.
चौथं भोक मी पाठीने दाबून उभी राहिले,
पाणी थंड, अंधारात बेडूक,
आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा
मी नेमकी कुठे आहे हे मला माहीत होतं.

जानेवारीत ऑफिसचा फॉर्म आला:
‘रजेच्या काळात आत्मसात केलेली कौशल्ये.’
लिहिलं: गोणी शिवणे. खोडलं.
लिहिलं: पाग, अंशतः.
तसाच पाठवून दिला.

निघायच्या आदल्या दिवशी भिवाबरोबर खाडीवर गेले.
दहा वेळा टॉवेल.
अकराव्या वेळी गोल पडला, जवळजवळ,
एका बाजूने चेपलेल्या भाकरीसारखा.
आत एक शेवटा, बोटभर. सोडून दिला.
भिवा तेव्हा विडी पेटवत होता,
त्याने पाहिलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

पहाटे बॅग पडवीत. रिक्षा यायची होती.
रुजाय कळशी घेऊन विहिरीवर.
दरवर्षी या दिवसांत राजूला दोन हात जोड लागते, म्हणाली होती.
जोडाची दोरी तिने खांद्यावर टाकून ठेवलेली.
रहाट करकरला. राजू खाली सुटला.
मी बुडबुड ऐकायला कान लावले,
आणि आवाज
मला वाटलं होतं त्याच्या आधीच आला.